डॉट इन की डॉट भारत? घाण्याच्या तेलासाठी तीन नावं वापरून पाहिली

आमचा लातूर जिल्ह्यात लाकडी घाणा आहे. करडई, शेंगदाणा, तीळ. निम्मा माल कुरिअरनं पुण्या-मुंबईला जातो. वेबसाइटला नाव घ्यायची वेळ आली तेव्हा घरात दोन तट पडले: धाकट्या भावाला इंग्रजी हवं, वडिलांना मराठी. शेवटी तीन डोमेन घेतली. इंग्रजी शब्दांचं डॉट इन, रोमन अक्षरांत मराठी शब्द लिहून दुसरं डॉट इन, आणि अख्खं देवनागरीतलं डॉट भारत. तिन्ही एकाच साइटवर उघडतात. बरेच महिने झाले, आता बोलायला हरकत नाही.

इंग्रजीचं लवकर आटपतो. डॉट इन २००५ पासून सगळ्यांना खुलं आहे. आम्ही पाहिलेली छोटी, सुटसुटीत नावं कधीच गेली होती, आणि पुनर्विक्रीतले भाव अव्वाच्या सव्वा. मिळालं ते तीन शब्दांचं. स्पेलिंगचा घोळ नाही, बँक म्हणा, कुरिअर म्हणा, सगळे फॉर्म ते मुकाट घेतात. पण लक्षात कोणाच्या राहत नाही. गिऱ्हाईक फोनवर म्हणतं, "ते तुमचं कोल्ड का काय ते."

रोमन मराठीची तऱ्हा वेगळी. 'घाणा' रोमनमध्ये लिहिला की थेट आफ्रिकेतला घाना देश होतो. त्या देशाचं डॉट जीएच वेगळं आहे, पण शोधणाऱ्याला त्याचं काय? ण-न आणि ळ-ल रोमनमध्ये एकच. 'व' आला की कोणी व्ही लिहितं, कोणी डब्ल्यू. करडईत आरनंतर ए घालायचा की नाही यावर आमच्या घरातच एकमत नाही. म्हणून नाव नक्की करण्याआधी ओळखीच्या चार-पाच जणांना ते फोनवर सांगितलं आणि रोमनमध्ये लिहून पाठवा म्हटलं. सगळ्यांनी एकसारखं लिहिलं ते नाव ठेवलं. त्यात घाणाही नाही, करडईही नाही. पण फोनवर एकदा सांगितलं की पुरतं.

आता डॉट भारत, ज्यासाठी हे लिहायला बसलो. देवनागरीतलं हे नाव ऑगस्ट २०१४ मध्ये सुरू झालं. मराठी, हिंदी, कोकणी वगैरे देवनागरी भाषांना मिळून एकच. वडिलांना ते डब्यावर छापलेलं पाहून जो आनंद झाला त्याचे पैसे वसूल. प्रदर्शनात स्टॉलवर लोक थांबून मोठ्यानं वाचतात. असंही चालतं का, म्हणून तिथेच फोनवर उघडून बघतात. उघडतं. एकदाही अडलं नाही.

अडतं ते पुढे. इंटरनेटची नावांची यंत्रणा आतून अजून रोमन अक्षरांवरच चालते. देवनागरी नाव तिच्यासाठी प्युनीकोडमध्ये बदललं जातं; 'एक्सएन', दोन डॅश आणि पुढे अर्थहीन अक्षरं. ब्राउझर हे झाकून ठेवतो, पण पत्ता कॉपी करून कोणाला पाठवला की कधीकधी ते सोंग उघडं पडतं. एका बाईंनी "हा फ्रॉड आहे का?" असं विचारलं. त्यांचं काय चुकलं? एका पेमेंट कंपनीच्या फॉर्मनं देवनागरी नाव नाकारलं, एक्सएनवालं टाकल्यावर घेतलं. मेलचंही तेच. देवनागरी मेल पत्त्यांचे नियम २०१२ मध्येच ठरलेत, मोठ्या सेवांना ते कळतात, पण सामान्य फॉर्मला 'चुकीचा पत्ता' वाटतो. आम्ही मेल रोमन नावावरच ठेवला.

आणि एक खास मराठी खोच. वडिलांना नावात 'शेतकऱ्याचा' हवं होतं. हा 'ऱ्या' दोन तऱ्हांनी टाइप होतो: एक ऱ हे वेगळं अक्षर वापरून, दुसरा साध्या र ला हलन्त आणि न दिसणारा जोडवर्ण लावून. डोळ्याला दोन्ही सारखे, यंत्राला वेगळे. रोमनेतर डोमेन नावांच्या २००३ च्या जुन्या नियमांत तर तो जोडवर्ण गाळलाच जाई, म्हणजे उरतो 'र्या'. कऱ्हाडकरांनीही हे ध्यानात घ्यावं. 'ॲ'चीही अशीच दोन रूपं आहेत. शेवटी वडिलांची समजूत काढून साधं, जोडाक्षर नसलेलं नाव घेतलं.

आमची सध्याची वाटणी अशी: डब्यावर आणि बोर्डावर डॉट भारत, शेजारी क्यूआर कोड, म्हणजे कोणाला कीबोर्ड बदलायला नको. फोनवर सांगायला, मेलला आणि बिलावर रोमन मराठी. फक्त एकच परवडत असेल तर हेच दुसरं घ्या. डॉट भारतला पाचपैकी तीन गुण देईन, आणि गेलेले दोन त्याच्या दोषानं नव्हे, बाकीच्यांच्या आळसानं गेलेत. इंग्रजी नाव यंदा सोडायचं ठरलं होतं, पण भावानं त्याच नावाची पाच हजार लेबलं छापून ठेवलीत. ती संपेपर्यंत नूतनीकरण करत राहणार.