गाळ फुकट, खेप रोख: ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेचा माझा अनुभव

योजना चांगली आहे, जरूर घ्या. पण हाताशी थोडे रोख पैसे आणि शब्दाला जागणारा ट्रॅक्टरवाला असेल तरच. ज्यांना घाई आहे त्यांनी इथंच थांबलं तरी चालेल, बाकीच्यांसाठी सविस्तर लिहिते.

माझं रान सव्वादोन एकर, मुरमाड. वर वीतभर माती, खाली नुसता मुरूम. ऑगस्टात पावसानं पंधरा दिवस ओढ दिली की सोयाबीन माना टाकतं. गावाच्या शिवाराला लागून पाझर तलाव आहे, 1972 च्या दुष्काळी कामातला. पन्नास वर्षं वरच्या माळाची माती वाहून त्यात बसली. ती उचलून परत रानात न्यायची, एवढीच ही योजना.

खर्चाची वाटणी अशी: यंत्र आणि डिझेल सरकार आणि संस्था मिळून बघतात, गाळ फुकट मिळतो, तो वाहून नेऊन पसरायचा खर्च शेतकऱ्याचा. याची सुरुवात मंत्रालयाच्या आधी गावांत झालेली आहे. 2013 च्या दुष्काळात भारतीय जैन संघटनेनं बीड जिल्ह्यातल्या तलावांचा गाळ काढला. राज्याची योजना आली 2017 मध्ये. पुढच्याच वर्षी बुलडाण्यात यंत्रं संघटनेची आणि डिझेल सरकारचं, असं जिल्हाभर काम झालं. मधे योजना बंद पडल्यासारखी होती. 2023 मध्ये पुन्हा सुरू झाली तेव्हा लहान शेतकऱ्याला वाहतुकीचं अनुदानही मिळू लागलं.

आमच्याकडे आलेल्या संस्थेचं नाव लिहीत नाही, पण त्यांच्या पोरानं काम चोख केलं. पोकलेन उतरायच्या आधी तलावात जागोजागी खड्डे घेऊन गाळ किती खोल आहे ते बघितलं, तलावाच्या बांधापासून अंतर सोडून चुन्याची रेघ मारली. “काकू, मुरूम लागला की बकेट थांबणार,” हे मला सांगितलं आणि ट्रॅक्टरवाल्यांनाही. ट्रॅक्टरवाल्यांना मुरूमच हवा होता, घराच्या भरावासाठी. त्यावरून एका दुपारी चांगलीच वादावादी झाली, पण पोरगा हलला नाही. त्याचं गावात ना भावकी, ना सोयरीक, ना पुढची निवडणूक. आमच्यापैकी कुणाला ते जमलं नसतं, हे मी माझ्या दिरांसमोरही बोलले आणि तेही काही बोलले नाहीत.

उलट बाजूही सांगते. नुसती संस्था आली असती तर तलावात पाऊल टाकता आलं नसतं. जलसंधारण विभागाचा आदेश हातात नसताना बकेट घातली की तहसीलची नोटीस ठरलेली. शिवाय कुणाला आधी गाळ, कुणाला नंतर, ही यादी ग्रामसभेत वाचली गेली म्हणून माझं नाव वर राहिलं. अल्पभूधारक, विधवा, अपंग आणि आत्महत्याग्रस्त कुटुंबातले शेतकरी अनुदानात बसतात, हेही त्याच दिवशी सगळ्यांसमोर वाचून दाखवलं.

आता अनुदानाचा हिशेब, कारण फसगत इथं होते. दर घनमीटरला 35.75 रुपये, एकरी 15 हजारांची मर्यादा, तेही अडीच एकरांपर्यंत, म्हणजे जास्तीत जास्त 37,500. घनमीटर कुणाला कळतंय? ब्रासमध्ये सांगते. एक ब्रास म्हणजे पावणेतीन घनमीटरच्या थोडं वर, म्हणून ब्रासभर भरलेल्या ट्रॉलीला साधारण शंभर रुपये पडतात. एकराची मर्यादा दीडशे ट्रॉल्यांच्या आसपास संपते आणि तेवढा गाळ सारखा पसरला तर चार इंचांचा थर बसतो. हलक्या रानाला तेवढा पुरे.

शंभर रुपयांत खेप टाकणारा ट्रॅक्टरवाला मात्र मला भेटला नाही. ज्याचं रान तलावाला लागून आहे आणि दारात स्वतःचा ट्रॅक्टर आहे त्याला हे पैसे पुरून उरतात. जिचं रान लांब आहे आणि जी भाड्याच्या ट्रॅक्टरवर अवलंबून आहे त्या बाईला अर्धेही भागत नाहीत. आणि पैसे काम मोजून झाल्यावर, कागद फिरून झाल्यावर खात्यात येतात. ट्रॅक्टरवाला संध्याकाळी दारात उभा. मी बचतगटातून उचल घेतली, ज्यांना गट नाही त्यांनी यादीत नाव असून गाळ सोडून दिला. संस्था आणि सरकार दोघंही मोजमापात हुशार, पण या संध्याकाळच्या पैशांचा विचार कुणीच केलेला दिसत नाही.

पिकाचं म्हणाल तर पहिल्या वर्षी फार आशा ठेवू नका. गाळाची ढेकळं एक पाऊस खाल्ल्याशिवाय फुटत नाहीत, उगवण ठिगळाठिगळाची होते. मी वखराच्या दोन पाळ्या जास्त मारल्या. दुसऱ्या वर्षी पावसानं दडी मारली तेव्हा मात्र माझं सोयाबीन शेजारच्या मुरमाड पट्टीपेक्षा बरेच दिवस हिरवं राहिलं. फुकट मिळतोय म्हणून फूटभर थर देणाऱ्या शेजाऱ्याच्या रानात पाणी साचून तूर उबळली, उभी वाळली. काळ्या भारी रानात तर गाळ टाकूच नका.

आणखी एक खटकलं. तलाव रिकामा झाला, पण वरच्या माळावर बांधबंदिस्ती कुणी केली नाही. म्हणजे माती पुन्हा तलावातच येणार. ते काम दुसऱ्या योजनेत बसतं असं उत्तर मिळालं.

तलावाचा निम्मा गाळ अजून तसाच आहे आणि त्याचा ठराव झालाय. या वेळी दोन मागण्या मी लिहून दिल्यात: खेपेचा भाव अंतराप्रमाणे ग्रामसभेतच ठरवा आणि ज्यांच्याकडे ट्रॅक्टर नाही त्यांचं वाहतुकीचं भाडं संस्थेनं आधी भरून अनुदान आल्यावर वळतं करून घ्यावं. पहिलीवर माना डोलल्या. दुसरी “वर कळवतो” यावर आहे.