सरकी पेंड: गाईला उत्तम, कोंबडीला जपून

सोललेल्या सरकीची, द्रावकाने तेल काढलेली पेंड प्रथिनांना दमदार असते, साधारण ४१ टक्के. दुभत्या जनावरांसाठी आम्ही ती बिनधास्त सुचवू. दोष आहे तो गॉसिपॉलचा, म्हणजे सरकीतल्या नैसर्गिक विषारी द्रव्याचा. मोठ्या गाई-म्हशींच्या कोठीपोटात (पोटाच्या पहिल्या, मोठ्या कप्प्यात) मुक्त, म्हणजे कशालाही न बांधलेलं, गॉसिपॉल बऱ्याच अंशी प्रथिनांशी बांधलं जातं आणि बाधत नाही. लहान वासराचं कोठीपोट तयार नसतं, त्याला ही पेंड नकोच.

अंड्यावरच्या कोंबड्यांना दिल्यास साठवलेल्या अंड्यांचा बलक हिरवट-तपकिरी पडतो. लोह गॉसिपॉलला बांधून ठेवतं, म्हणून ब्रॉयलर (मांसासाठीच्या कोंबड्या) आणि डुकरांच्या खाद्यात मुक्त गॉसिपॉलच्या वजनाइतकं लोह फेरस सल्फेटमधून द्यावं. मोजमाप चुकतं ते इथेच: हेप्टाहायड्रेट (पाण्याचे रेणू धरून असलेल्या) फेरस सल्फेटमध्ये लोह जेमतेम २० टक्के, म्हणून १०० मिलिग्रॅम गॉसिपॉलला ५०० मिलिग्रॅम पावडर लागते.

जास्त तापून काळपट झालेली पेंड टाळा. तिच्यात मुक्त गॉसिपॉल कमी भरतं खरं, पण बाकीचं गॉसिपॉल लायसिनला (प्रथिनातल्या एका आवश्यक घटकाला) चिकटलेलं असतं आणि तेवढं लायसिन जनावराच्या अंगी लागत नाही. पोत्यावरच्या प्रथिनांच्या आकड्यावर समाधान मानू नका, मुक्त गॉसिपॉलचा तपासणी अहवालही मागा.