लक्षद्वीप की अंदमान?

भाची डिसेंबरात ओहोटीला खेकडे, शंख, समुद्रकाकड्या (काकडीसारखे लांबट, मऊ सागरी प्राणी) बघायला निघालीय. 'मामा, कुठं जाऊ?'

परवानगीत अंदमान सोपं. विमानानं उतरायचं, फिरायचं. लक्षद्वीपला भारतीयांनाही प्रवेशपरवाना लागतो आणि वाट बहुधा कोचीवरून. खर्च दोन्हीकडे खिसा हलका करणाराच.

पाहण्यात मात्र खरा फरक. लक्षद्वीप म्हणजे कंकणद्वीपं, कड्यासारखी प्रवाळबेटं; आत उथळ, संथ लगून, म्हणजे समुद्राच्या पाण्याचं तळंच. गुडघाभर पाण्यात काळी समुद्रकाकडी दिसते, अंगाला वाळू फासलेली. एका टोकानं वाळू गिळते, त्यातलं सेंद्रिय तेवढं पचवते, दुसऱ्या टोकानं स्वच्छ वाळू सोडते. तासभर बघावं असं काम! समुद्रकाकड्यांची तस्करी इतकी, की 2020 मध्ये लक्षद्वीपातल्या चेरियापाणी इथं खास त्यांच्यासाठी राखीव क्षेत्र झालं. पण खाजणाचा चिखल हवा असेल तर इथं निराशाच.

तो अंदमानात. तिवरांच्या मुळांशी एक मोठी नांगी हलवत बसलेले खेकडे, खडकांना चिकटलेले शंख, बाहेर प्रवाळ. वंडूरचं सागरी उद्यान 1983 चं. तिथून जॉली बॉय किंवा रेड स्किनला बोट जाते, पण दोन्ही बेटं एकाच वेळी खुली नसतात. आधी विचारून घ्यायचं.

प्रवाळ दोन्हीकडे उष्ण पाण्यानं पांढरं पडलेलं दिसू शकेल. जाहिरातीतले रंग विसर. शंख-शिंपले खिशात घालू नकोस, कित्येक कायद्यानं संरक्षित आहेत.

एकच गोष्ट निवांत न्याहाळायची असेल तर लक्षद्वीप. पहिलीच खेप, सोबत आईबाबा आणि विविधता हवी, तर अंदमान.