कॅम्परची वीज वाढवायची: आधी बॅटरी, की आधी सोलार?

कॅम्परमध्ये, म्हणजे राहण्या-झोपण्याची सोय असलेल्या गाडीत, वीज पुरेनाशी झाली की पहिला विचार येतो मोठ्या बॅटरीचा. दुकानदारही तोच सल्ला देतो. पण बॅटरी वीज साठवते, बनवत नाही. रोज जेवढी खर्च होते तेवढी रोज परत येत नसेल, तर दुप्पट बॅटरी लावून फरक एवढाच पडतो की दुसऱ्या रात्रीऐवजी चौथ्या रात्री अंधार होतो. म्हणून कुठलीही दोन उपकरणं शेजारी ठेवून तुलना करण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर द्या: तुमची गाडी एका जागी सलग किती दिवस उभी राहते? पुढचं बरंचसं त्यावरच ठरतं.

खर्च किती, ते आधी

कॉम्प्रेसरवाला 12 व्होल्टचा छोटा फ्रीज चालू असताना 45-50 वॉट खातो, पण कॉम्प्रेसर सतत चालत नाही. दिवसाकाठी 400 ते 500 वॉट-तास धरा, कडक उन्हाळ्यात त्याहून जास्त. रात्रभर छताचा पंखा साधारण 200. लॅपटॉपवर तीन-चार तास काम केलं तर आणखी तितकेच. दिवे, फोन, पाण्याचा पंप मिळून 100. म्हणजे जोडप्याचा साधा मुक्काम रोजच्या एका युनिटच्या (1000 वॉट-तास) आसपास जातो.

तुमचा फ्रीज गॅस, मेन्स (बाहेरून जोडलेली घरगुती वीज) आणि 12 व्होल्ट अशा तिन्हींवर चालणारा जुन्या पद्धतीचा असेल, तर गणित वेगळं होतं. तो 12 व्होल्टवर सलग 100 वॉटच्या वर ओढतो, मध्ये विश्रांती जवळपास नाहीच. गाडी उभी असताना तो गॅसवरच चालवायचा. त्याच्यासाठी बॅटरी वाढवत बसणं म्हणजे निव्वळ उधळपट्टी.

एजीएम की लिथियम

एजीएम ही बंदिस्त लेड-ॲसिड बॅटरी. इथे लिथियम म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट. कॅम्परसाठी लिथियममधला हाच प्रकार घ्यावा.

100 अँपिअर-तासाची एजीएम कागदावर 1200 वॉट-तासांची असते, पण आयुष्य टिकवायचं तर निम्मीच वापरायची, म्हणजे हाती 600. तेवढ्याच अँपिअर-तासांची लिथियम 12.8 व्होल्टची, एकूण 1280 वॉट-तासांची, आणि त्यातले हजारेक बिनधास्त वापरता येतात. एजीएमचं वजन 28-30 किलो, लिथियमचं 11 ते 13. एका लिथियमचं काम करायला दोन एजीएम लागतात, म्हणजे जवळजवळ 60 किलो. गाडीची वजनमर्यादा आधीच गाठत आली असेल तर निर्णय इथेच झाला. आयुष्यातही तफावत मोठी आहे. निम्मी वापरत राहिलं तरी एजीएमची चार्ज-डिस्चार्जची आवर्तनं काही शेकड्यांत मोजायची, लिथियमची हजारांत.

तरी माझ्या मते खरा फरक भरण्याच्या वेगात आहे, आणि त्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. एजीएम 80 टक्क्यांपर्यंत भराभर भरते, पण शेवटचे 20 टक्के कित्येक तास खातात. तोवर ऊन कलतं. रोज अशी अर्धवट भरलेली राहिली की तिच्या प्लेटांवर सल्फेट साचून घट्ट होतं आणि क्षमता हळूहळू उतरते. सोलारवर चालणाऱ्या गाडीतल्या कितीतरी एजीएम अशा उपाशी राहूनच मरतात. लिथियमचं उलट आहे. ती जवळपास शेवटपर्यंत मिळेल तेवढा करंट घेते, आणि अर्धवट भरलेली राहिल्याचं तिला काही वाटत नाही.

मग एजीएम कोणी घ्यावी? जो बहुतेक वेळा मेन्सची सोय असलेल्या जागीच उतरतो आणि अधूनमधून एखादी रात्र बाहेर काढतो, त्याने. आणि जो कडाक्याच्या थंडीत फिरतो त्यानेही विचार करावा. लिथियमचं तापमान शून्य अंशाखाली असताना ती चार्ज केली तर आत धातूरूप लिथियमचा थर बसतो आणि सेल कायमचे बिघडतात. चांगल्या बॅटरीतला बीएमएस (सेल सांभाळणारं सर्किट) अशा वेळी चार्जिंग तोडतो. पण मग सकाळचं ऊन वाया जातं, किंवा हीटर असलेली बॅटरी घ्यावी लागते.

लिथियमचा एक छुपा खर्चही धरा. नुसती बॅटरी बदलून भागत नाही. मेन्सच्या चार्जरचं सेटिंग तिला चालणारं हवं, आणि मीटरही बदलावा लागतो. निवांत ठेवलेल्या एजीएमवर 12.7 व्होल्ट दिसले तर ती भरलेली, 12.2 च्या खाली गेले तर निम्म्यावर आली असं समजावं. लिथियम मात्र 80 टक्क्यांवर असो की 40 वर, काटा 13.2 च्या आसपासच घुटमळतो आणि तळाशी आल्यावर एकदम कोसळतो. आत-बाहेर जाणारा करंट मोजणारा शंट बसवल्याशिवाय लिथियम किती उरली हे कळत नाही.

सोलार की अल्टरनेटर

छतावर आडवं बसवलेलं 100 वॉटचं पॅनेल उन्हाळ्याच्या स्वच्छ दिवशी 300 ते 400 वॉट-तास देतं. वर काढलेल्या एका युनिटासाठी 300 वॉट हवेत, तेही आभाळ मोकळं असताना. दाट ढग आले की पाव हिस्साही मिळेलच असं नाही. सावलीचा मामला तर आणखी वाईट. एका फांदीची सावली थोड्या सेलवर पडली तरी अख्ख्या पॅनेलचं उत्पादन कोसळतं. गाडी झाडाखाली थंड ठेवायची आणि पॅनेलला ऊनही द्यायचं, हे दोन्ही एकदम होत नाही. घडीचं पॅनेल लांब वायरीने उन्हात मांडता येतं, सूर्याकडे कलवताही येतं. पण ते दिवसातून दोन-तीनदा हलवावं लागतं आणि वाऱ्यावर व चोरांवर लक्ष ठेवावं लागतं. मी छताच्याच बाजूने आहे. ते विसरून गेलं तरी काम करत राहतं.

पॅनेल आणि बॅटरी यांच्यामध्ये बसणाऱ्या चार्ज कंट्रोलरचा वाद छोटा आहे. त्याचे दोन प्रकार: साधा पीडब्ल्यूएम, आणि पॅनेलमधून जास्त वीज काढणारा एमपीपीटी. 100 वॉटचं पॅनेल 18 व्होल्टला 5.5 अँपिअर देतं. पीडब्ल्यूएम पॅनेलला बॅटरीच्या व्होल्टेजवर खाली ओढतो, म्हणून 13 व्होल्ट गुणिले 5.5, म्हणजे 72 वॉटच हाती लागतात. एमपीपीटी 90 च्या वर मिळवून देतो. एकच लहान पॅनेल असेल तर पीडब्ल्यूएम चालेल, त्यापुढे एमपीपीटीच.

आता अल्टरनेटर, म्हणजे गाडीच्या इंजिनावर फिरून वीज बनवणारं यंत्र. 30 अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर (अल्टरनेटरची वीज बॅटरीला हव्या त्या व्होल्टेजवर देणारा) बसवला की गाडी चालताना बॅटरीत साधारण 400 वॉट जातात. दोन तासांच्या प्रवासात 800 वॉट-तास, म्हणजे 200 वॉटच्या सोलारची अख्ख्या चांगल्या दिवसाची कमाई, आणि पाऊस असो की रात्र, त्यात खंड नाही. दर एक-दोन दिवसांनी जागा बदलणाऱ्याने सगळ्यात आधी हेच करावं. त्याऐवजी जुन्या पद्धतीचा साधा रिले (अल्टरनेटर थेट बॅटरीला जोडणारा स्विच) ठेवला तर दोन अडचणी येतात. लिथियम मिळेल तेवढा करंट ओढते, त्यामुळे इंजिन मंद चालत असताना अल्टरनेटर तापून जळू शकतो. आणि नव्या गाड्यांचे स्मार्ट अल्टरनेटर इंधन वाचवायला मध्येच व्होल्टेज उतरवतात, तेव्हा रिलेमार्फत बॅटरीपर्यंत काही पोचत नाही. उभ्या गाडीचं इंजिन चालू ठेवून चार्जिंग करण्याचा मार्ग मी विचारात घेत नाही, शेजाऱ्यांनीही घेऊ देऊ नये.

इन्व्हर्टर, आणि किटलीचा प्रश्न

एक लिटर पाणी उकळायला जेमतेम 110 वॉट-तास लागतात, ही वीज काही फार नाही. अडचण आहे ती वेगाची. 1500 वॉटची किटली इन्व्हर्टरमधून 12 व्होल्टच्या बॅटरीवर टाकली की 130 अँपिअरच्या वर करंट वाहतो. एजीएमचं व्होल्टेज बसतं आणि इन्व्हर्टर ओरडून बंद पडतो. 100 अँपिअरची मर्यादा असलेला बीएमएस लिथियमलाही तोडतो. चहासाठी गॅस आहे, तो वापरावा. लॅपटॉपला 300 वॉटचा शुद्ध साइन वेव्हचा इन्व्हर्टर पुरतो. त्याहून बरा 12 व्होल्टवर चालणारा यूएसबी-सी चार्जर. मोठा इन्व्हर्टर काहीही न जोडता नुसता चालू ठेवला तरी 10 ते 20 वॉट खातो, म्हणजे दिवसाला 240 ते 480 वॉट-तास. घरात दुसरा फ्रीज पाळल्यासारखंच झालं.

तयार पॉवर स्टेशन की पक्की जोडणी

गाडी भाड्याची किंवा सामाईक असेल, वर्षातून मोजकेच मुक्काम होत असतील, तर हजारेक वॉट-तासांचं पॉवर स्टेशन (बॅटरी, चार्जर, इन्व्हर्टर एकाच पेटीत) घ्या आणि मोकळे व्हा. वायरिंग नाही, घरी वीज गेली तरी उपयोगी. पण बऱ्याच मॉडेलांत गाडीच्या सॉकेटमधून ते 100 वॉटच्या आसपासच भरतं, म्हणजे डीसी-डीसी चार्जरच्या पाव वेगाने. शिवाय आतलं एक सर्किट बिघडलं की बॅटरी, चार्जर, इन्व्हर्टर सगळं एकदम दुरुस्तीला. पक्क्या जोडणीत बिघडलेला तेवढा भाग बदलता येतो.

आठवडाभर मोकळ्या उन्हात एका जागी राहणाऱ्याने 300-400 वॉट सोलार, एमपीपीटी आणि एक लिथियम बसवावी. रोज फिरणाऱ्याने डीसी-डीसी चार्जर आणि लिथियम, सोलार जमेल तेव्हा. झाडीत मुक्काम करणाऱ्याला दोन्ही लागतील. 24 व्होल्टच्या फंदात पडू नका. करंट निम्मा होतो खरा, पण कॅम्परचं जवळपास सगळं सामान 12 व्होल्टचं असतं.

आणि पैसे टाकण्याआधी वायर बघा. 2.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, जाऊन-येऊन 10 मीटर, त्यातून फ्रीजचे 5 अँपिअर गेले की 0.35 व्होल्ट वाटेतच जातात. पहाटे एजीएम 12.1 वर असते, फ्रीजपाशी पोचतात जेमतेम पावणेबारा. फ्रीजचं बॅटरी-संरक्षण वरच्या सेटिंगला असेल तर तो बंद पडतो आणि दोष बॅटरीवर येतो. कॉम्प्रेसर चालू असताना मल्टीमीटरने आधी बॅटरीच्या टर्मिनलवर आणि मग फ्रीजच्या प्लगवर व्होल्टेज मोजा. फरक पाव व्होल्टच्या वर निघाला तर पहिली खरेदी जाड वायरीची, आणि तिच्या जोडीला फ्यूजची. तो बॅटरीच्या पॉझिटिव्ह टर्मिनलपासून एका वितीच्या आत बसवायचा. फ्यूज वायरीला वाचवण्यासाठी असतो, म्हणून त्याचा आकडा वायरीला जेवढा करंट झेपतो त्यावरून ठरवायचा.