डोळ्यातली बुरशी: नॅटामायसिन की व्होरिकोनॅझोल?

कुत्र्याच्या डोळ्यातली जखम खरवडून नमुना तपासलाय, बुरशीच आहे हे ठरलंय आणि व्हेटने, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरांनी, बुरशीवरच्या थेंबांची ही दोन नावं पुढे ठेवलीत, असं धरून लिहितो. आमच्या चंपी कुत्रीच्या डोळ्यात गवताची काडी घुसली होती. तिला आधी नॅटामायसिन घातलं, मग व्होरिकोनॅझोल.

औषध म्हणून नॅटामायसिनला उणं म्हणवत नाही. बुरशी फ्युजेरियम या जातीची असेल तर पारडं त्याच्याच बाजूला झुकतं; माणसांच्या डोळ्यांवर झालेल्या, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीतही तेच दिसलं. मात्र ते आत फारसं मुरत नाही. जखम खोल असेल तर व्होरिकोनॅझोल बरं, ते आतपर्यंत पोचतं.

माझं मन फिरलं ते साक्यामुळे. ५ टक्क्यांचं नॅटामायसिन दुधासारखं पांढरं, तळाशी बसणारं, दर वेळी बाटली हलवावी लागते. तो खळखळाट ऐकला की चंपी पलंगाखाली. तेही निभावलं असतं. पण साका नेमका जखमेवर चिकटतो. पहाटे टॉर्च मारून बघावं तर बुबुळावर पांढरा ठिपका. औषध की बुरशी? एकदा घाबरून तिला उचलून नेलं. व्हेटने सलाइनने धुतलं, ठिपका निघून गेला. पुढच्या वेळी मी 'साकाच असेल' म्हणून दोन दिवस थांबलो, आणि ती खरंच वाढलेली बुरशी होती. ते दोन दिवस अजून मनाला लागून आहेत.

व्होरिकोनॅझोल पाण्यासारखं स्वच्छ. डोळा जसा आहे तसा दिसतो. त्याची कटकट वेगळी: पावडरीपासून बनवून घ्यायचं, फ्रिजमध्ये ठेवायचं, थोड्या दिवसांत नवी बाटली. गार थेंब पडला की चंपी मान झटकायची, म्हणून आधी बाटली मिनिटभर मुठीत धरायचो. सुरुवातीला दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा. डोळा खाजवू नये म्हणून घालायचा गळ्यातला कोन दोन्हींत सुटत नाही, आणि घरात उरलेले स्टिरॉइडचे थेंब दोन्हींत वर्ज्यच.

प्रत्येक कुत्र्याचा डोळा वेगळा, अखेरचा शब्द व्हेटचाच. तरी विचाराल तर मी व्होरिकोनॅझोल म्हणेन. रिपोर्टात फ्युजेरियम आलं तर मात्र नॅटामायसिनच घालेन, पण रोज पहिल्या थेंबाआधी डोळा सलाइनने धुऊन, त्याच उजेडात फोटो काढून.