अजिंठ्याच्या चित्राचा तुकडा कुणी दाखवला तर घेऊ नका

लेणी दुसऱ्या जिल्ह्यात असली तरी जळगावपासून साठेक किलोमीटर, त्यामुळे आम्हा खान्देशकरांना अजिंठा घरचाच वाटतो. मागच्या हिवाळ्यात आईला घेऊन गेलो. पहिल्या लेण्यात पद्मपाणीसमोर ती बराच वेळ हात जोडून उभी होती.

परतताना फर्दापूर फाट्यावर एकजण मागे लागला. रंगीत दगड विकणारे तिथे असतातच, म्हणून नको म्हटलं. पण त्याने आईची अहिराणी ऐकली होती. जवळ येऊन हळूच म्हणाला, "आपला मानूस शे म्हनीसन दखाडस, भाऊ." फडक्यात तळहाताएवढा गिलावा, त्यावर अर्धा चेहरा आणि झुकलेली पापणी. आजोबांना लेण्यात सापडला म्हणे. "गोऱ्याला दिला तर कायमचा जाईल."

हेच मला लागलं. अजिंठ्याच्या चित्राचा एक तुकडा बोस्टनच्या संग्रहालयात आहे, हे मी वाचलं होतं. निदान हा तरी इथे राहील, पुढे एखाद्या संग्रहालयाला देऊ, असं ठरवून साडेसहा हजार मोजले.

आईने तो देव्हाऱ्याशेजारी ठेवला, रोज फूल वाहू लागली. आठवड्याने पुसताना तिच्याच हातून पडला. आपल्या हातून पाप झालं म्हणून ती रडत होती आणि मी फुटलेली कड बघत होतो. आतून पांढराशुभ्र! अजिंठ्याच्या भिंतीवर आधी मातीचा गिलावा असतो, त्यात भाताचा तूस आणि गवताचे तंतू कालवलेले. वर चुन्याचा पातळ थर, मग रंग. हे निव्वळ प्लास्टर ऑफ पॅरिस होतं. आईला आधी तेच समजावलं.

तक्रार द्यायला मात्र पंधरा दिवस लावले. शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू विनापरवाना विकणं १९७२ च्या कायद्याने गुन्हा आहे, मग घेणाऱ्यालाही धरतील ही भीती. फसलेले गप्प बसतात म्हणून याचा धंदा चालतो. शेवटी दोन्ही तुकडे घेऊन पोलिसांकडे गेलो. पैसे मिळालेले नाहीत.

माणूस चाळिशीचा, खांद्याला खाकी पिशवी, बोलणं फार गोड. फडकं सोडू लागला तर भाव विचारत थांबू नका, लेण्यांवरच्या पुरातत्त्व खात्याच्या माणसांना किंवा पोलिसांना त्याच दिवशी सांगा.