अलिबाग ते पणजी सायकल सहल: तिसरा दिवस, दापोली ते गणपतीपुळे

साताऱ्यात आमचं औषधांचं दुकान आहे, त्यामुळे सलग आठ दिवस शटर खाली ठेवायचं म्हणजे घरात कार्य निघाल्यासारखीच तयारी लागते. डिसेंबरात ती केली आणि मी आणि हे, दोघं एका सायकल सहलवाल्या कंपनीबरोबर अलिबागहून पणजीला गेलो. माणशी २६,५०० रुपये. त्यात राहणं, नाश्ता, दोन वेळचं जेवण, सामानाचा टेम्पो, मेकॅनिक आणि भाड्याची सायकल आली. आम्ही एकूण सोळा जण होतो. माझं वय ५२, आणि चढाला मी शेवटच्या चौघांत असते. ज्या तक्रारी होत्या त्या मी त्यांना फोनवर सविस्तर सांगितल्या आहेत, म्हणून इथे कंपनीचं नाव लिहीत नाही.

सातही दिवसांचं लिहीत बसत नाही. तिसऱ्या दिवसाचं लिहिते, कारण अशा सहलीत पैसे कशाचे मोजले ते चढाच्या दिवशीच कळतं. सपाटीला कुणीही सांभाळून नेईल.

त्यांच्या माहितीपत्रकात ‘समुद्राकाठचा रमणीय रस्ता’ असं लिहिलं होतं. रमणीय आहेच, शंभर टक्के. पण ‘समुद्राकाठचा’ वाचून आमच्यातल्या बऱ्याच जणांनी रस्ता सपाट असेल असं धरलं होतं आणि त्यांचे फार हाल झाले. कोकणात गाव, नारळी-पोफळी, देऊळ सगळं खाली पाण्याजवळ. दोन गावांच्या मध्ये उभा राहतो तो जांभ्याचा सडा, म्हणजे तांबड्या दगडाचं पठार. आणि थोड्या थोड्या अंतरावर एखादी खाडी आत घुसलेली. म्हणजे रस्ता सड्यावर चढतो, वर वारं खात दोन-चार किलोमीटर पळतो, मग वळणं घेत थेट खाडीच्या पातळीला येतो आणि पलीकडे पुन्हा पहिल्यापासून चढतो. दिवसभर हेच. गणपतीपुळ्याला पोचलो तेव्हा माझ्या घड्याळात ९७ किलोमीटर आणि १,६८० मीटर चढाई दिसत होती, आणि मुक्काम मात्र दापोलीपेक्षा खाली, समुद्रसपाटीवर!

मी यवतेश्वरचा घाट आठवड्यातून दोनदा चढते, त्या भरवशावर होते. पण घाटात एकदा दम आणि पाय यांचं जमलं की तासभर एका लयीत जाता येतं. इथे लय सापडते तोवर उतार लागतो, घाम वाऱ्यावर गार पडतो, मांड्या आखडतात आणि पुढच्या वळणावर भिंतीसारखा चढ. कुणी घाटवाला या मार्गाला जाणार असेल तर त्याने सराव असा तोडून तोडून करावा: दोन किलोमीटर चढ, उतार, पुन्हा चढ.

सायकलीबद्दल मला जास्त सांगायचंय. फॉर्मवर त्यांनी फक्त उंची विचारली होती. चढाला सगळ्यात महत्त्वाचे असतात गिअर, त्याबद्दल एक अक्षर नव्हतं. मला मिळालेल्या सायकलीला पुढे लहान चकती ३४ दात्यांची आणि मागे सगळ्यात मोठी २८ ची. म्हणजे पायडलचा एक फेरा मारला की मागचं चाक सव्वा फेरा फिरणार. तरण्या मुलाला ते चालतं. माझ्यासारखीने ताशी सहा किलोमीटरने चढायचं तर मिनिटाला जेमतेम चाळीस फेरे बसतात आणि सगळा भार गुडघ्यांवर येतो. दुसऱ्या दिवशी केळशीच्या पुढे माझा डावा गुडघा बोलायला लागला. संध्याकाळी दापोलीत मेकॅनिकला हे सांगितलं. त्याने ‘सवय होईल’ वगैरे काही म्हटलं नाही. टेम्पोतल्या जादा सायकलीचं मागचं चाक काढलं, त्यावर ३२ दात्यांची कॅसेट (मागच्या दातेरी चकत्यांचा संच) होती, ते माझ्या सायकलीला बसवलं, गिअरची तार ओढून घेतली आणि लॉजच्या आवारात अंधारात चार चकरा मारून खात्री केली. रात्रीचे साडेनऊ वाजले होते, तो अजून जेवलाही नव्हता. चार दात्यांचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो, दुसऱ्या दिवशी तेवढ्यावर मी सगळे चढ बसून काढले. या माणसाला पैकीच्या पैकी.

सकाळी सहाला निघालो. दाभोळपर्यंत वर-खाली आणि शेवटी खाडीपर्यंत मोठा, वळणावळणांचा उतार. उतरण्याआधी गाइडने सगळ्यांना थांबवलं. ब्रेक सतत दाबून धरायचे नाहीत, वळणाआधी वेग मोडायचा आणि वळणात सोडायचे, हे त्याने स्वतः दोनदा करून दाखवलं. हे फार चांगलं केलं. तरी आमच्यातल्या एका काकांच्या रिमला खाली पोचेपर्यंत हात लावून बघवेना, रबर जळाल्याचा वास येत होता.

दाभोळच्या जेटीवर मात्र मोठी चूक झाली. वाशिष्ठीच्या खाडीवर इथे फेरीबोट आहे, पलीकडे धोपावे. ती नसती तर चिपळूणवरून केवढा वळसा पडला असता. आम्ही शेवटचे चौघं जेटीवर आलो तर बोट सुटलेली, बाकीचे बारा जण तिच्यात, आणि टेम्पोही त्यांच्याबरोबर. पाणी, केळी, ओआरएस, पंप, सगळं टेम्पोत. आमच्याबरोबर राहिला तो फक्त सगळ्यांच्या शेवटी सायकल चालवणारा कंपनीचा मुलगा, दापोलीकडचाच, पंचविशीतला. त्याने पाठीवरच्या पिशवीतून चिक्की काढून चौघांना वाटली. पण चढाच्या दिवशी शेवटच्या माणसाचं पाणी पुढच्या माणसाबरोबर जाता कामा नये. हे मी गाइडला पलीकडे पोचल्यावर तिथेच सांगितलं, जरा चिडूनच. त्याने ऐकून घेतलं. आणि दुपारी तवसाळला शास्त्री नदीच्या खाडीवर पोचलो तेव्हा टेम्पो अलीकडच्या काठावर आमची वाट बघत उभा होता. सांगितलेलं त्याच दिवशी अमलात आणणारी माणसं मला आवडतात.

धोपाव्याहून वर येणारा रस्ता मला अजून डोळ्यांसमोर दिसतो. जांभा कापून काढलेला, दोन्ही बाजूंना माणूसभर उंचीच्या तांबड्या दरडी, मधाच्या पोळ्यासारखी भोकंच भोकं असलेल्या. आमच्या कासच्या पठाराचा दगडही जांभाच, पण तो आम्ही वरून तुडवतो. इथे त्याच्या पोटातून चाललो होतो. सावलीत गारवा, आणि वळणावर लाल बारीक खडी पसरलेली. मी दम लावायला सीटवरून उठले तशी मागून त्या शेवटच्या मुलाची हाक आली, “काकू, उठू नका, बसूनच चढवा. उठलात की मागच्या चाकावरचं वजन जातं आणि ते खडीवर फिरतं.” मी बसले, चाकाने पकड घेतली. पुढे दिवसभर तो माझ्या दहा-बारा फूट मागे होता. एकदाही त्याने पाठीला हात लावून ढकललं नाही, ‘टेम्पोत बसता का’ असं विचारलं नाही. थांबले की थांबायचा, निघाले की निघायचा. डोक्यावर गवताचा भारा घेऊन येणाऱ्या एका बाईने मला बघून भारा दरडीला टेकवला आणि म्हणाली, “दमलीस गो बाय. पुढच्या घराशी पाणी माग, माझंच घर आहे ते.” आम्ही खरंच मागितलं. कळशीतलं पाणी इतकं गार होतं की दात शिणले.

गुहागरला घावणे आणि ओल्या खोबऱ्याची चटणी, पोटभर. व्याडेश्वराला बाहेरूनच हात जोडले. वेळणेश्वरच्या उतारावरून एका वळणावर अख्खा अर्धचंद्र किनारा दिसतो, तिथे सगळ्यांनी थांबावं असं गाइडने सांगितलं होतं, आणि बरोबर सांगितलं होतं. पुन्हा चढ. हेदवीला दशभुज गणेशाचं दर्शन घेतलं, पण जेवायला दोन वाजून गेले आणि ते उशिराचं होतं. साडेअकरालाच काहीतरी पोटात जायला हवं होतं. हेदवीच्या अलीकडच्या चढावर आमच्यातल्या एकीच्या पोटरीत गोळे आले, ते दमणूक आणि रिकामं पोट यांमुळे असावेत असं मला वाटतं. जेवण मात्र घरगुती आणि उत्तम: भात, कुळथाचं पिठलं, भाजलेला पापड, सोलकढी. मी तीन वाट्या सोलकढी प्यायले.

बोटीने खाडी ओलांडून जयगडला उतरलो आणि शेवटचा मोठा चढ संपला तेव्हा सूर्य टेकला होता. सामानाच्या यादीत दिव्याचा उल्लेखच नव्हता, ही माझी दुसरी मोठी तक्रार. डिसेंबरात सहाला अंधारायला लागतं, ९७ किलोमीटरचा चढाचा दिवस, शेवटचे सायकलवाले उजेडी पोचणार नाहीत हे आखणाऱ्याला दिसायला हवं. माझ्याकडे स्वतःचा दिवा होता, दोघांकडे नव्हता. शेवटी टेम्पो आमच्या मागे सावकाश चालवून त्याच्या उजेडात आम्हाला आणलं. मालगुंड अंधारातच गेलं. केशवसुतांच्या जन्मगावातलं स्मारक बघायचं मी घरून ठरवून निघाले होते, ते राहिलं याचं मला मनापासून वाईट वाटलं. त्यांना सुचवलंय की या दिवसाचे दोन करा, गुहागरला मुक्काम टाका. हजार-दीड हजार जास्त द्यायला आमची ना नाही.

गणपतीपुळ्याच्या लॉजवर पोचायला सव्वासात झाले. आधी आलेले सगळे आंघोळी आटोपून अंगणात बसले होते. शेवटचा मुलगा आत येईपर्यंत गाइडने पानं वाढू दिली नाहीत. तो आला, माझी सायकल भिंतीला लावली, मागचं चाक हाताने फिरवून बघितलं आणि मेकॅनिकला म्हणाला, “हे ३२ चंच राहू दे, उद्या जैतापूरकडे पण चढ आहेत.” पुढच्या डिसेंबरला माझी बहीण आणि मेहुणे जायचं म्हणतात. त्यांच्या फॉर्मवर मी आत्तापासूनच लिहून ठेवलंय: मागे ३४ ची कॅसेट, पुढे-मागे दिवे, आणि दापोली-गणपतीपुळे दोन दिवसांत असेल तरच पैसे भरणार.